कोब्याची कुळकथा

पनवेलच्या पलीकडे, गाढी नदीच्या काठी, सिडकोच्या आखणीने उभ्या राहिलेल्या करंजाडे वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला आषाढ लागला की एकच कोडे पडते: इमारत सिमेंटची, जमीन काँक्रीटची, मग चटईखाली ओल आली कोठून? या कोड्याची उकल मला ‘कोबा’ या शब्दाच्या प्रवासात दिसते.

कोबा म्हणजे चुना, सुर्खी व विटांचे तुकडे यांचा थर ओला असतानाच लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस चोपून केलेली जमीन. ‘चुना’ संस्कृत ‘चूर्णा’च्या कुळातला, ‘सुर्खी’, म्हणजे भाजल्या विटेची तांबडी पूड, फारसी ‘सुर्ख’च्या घराण्यातली, आणि या दोघांचा संयोग असा विलक्षण, की विटेतील सिलिका चुन्याशी एकजीव होऊन पाण्यालाही दाद न देणारा बंध निर्माण होई, तर चोपण्याने जादा पाणी वर येऊन थर घट्ट बसे. गुळाचे पाणी नि हिरड्याचा काढा घालण्याचीही वहिवाट होती.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि कालांतराने आपल्याकडील चोपणे सरले. नाव तेवढे उरले. गावात सारवायची जमीन काढून सिमेंटची केली, तरी माणसे ‘कोबा केला’ असेच म्हणतात, आणि शहरात गच्चीवरचा ‘ब्रिकबॅट कोबा’ अंदाजपत्रकात कायम आहे.

परंतु सिमेंट घट्ट होण्यास लागते त्याहून अधिक पाणी, काम सोपे व्हावे म्हणून, गवंडी मालात ओततो. ते वाळून गेल्यावर केसाहून बारीक वाटा मागे राहतात, आणि वातीत तेल चढावे तशी भूमीतील ओल त्यांतून वर येते. काँक्रीटखाली दगडांचे सोलिंग व प्लॅस्टिकचा पडदा घालतात तो याच सबबीने: दगडांमधल्या रुंद पोकळीत पाण्याची चढण तुटते. त्या पोकळीत माती कोंबली, की वर कितीही महाग फरशी बसवा, सांध्यांतून पांढरा लोणा फुटतोच.

तथापि प्रत्येक ओल जमिनीची नसते. पावसाळी दमट हवा थंड फरशीवर टेकली तरी घाम सुटतो. सबब रंग लावण्याआधी दीड फूट चौरस प्लॅस्टिक फरशीवर ठेवून, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून, निदान १६ तासांनी पाहावे: दव वरच्या अंगाला असेल तर ओल हवेतली समजावी, खालच्या अंगाला असेल तर गवंडी बोलवावा.