दिनविशेष : ३ जानेवारी
आचरेकर सरांना निरोप

२०१९ : सिडनी कसोटीच्या पहिल्या दिवशी भारतीय संघ दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरला. आदल्या दिवशी, २ जानेवारीला, मुंबईत क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर गेले होते. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनीही काळ्या फिती लावल्या होत्या. त्या त्यांचे माजी कसोटीपटू बिल वॉटसन यांच्यासाठी. मालिका चुरशीची, पण दोन्ही संघांनी आपापलं माणूस गमावलेलं.

त्याच दिवशी शिवाजी पार्कवर मुलांनी बॅटी उंचावून दुतर्फा कमान धरली आणि तिच्याखालून सरांची अंत्ययात्रा गेली. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी खांदा दिला. सरांनी स्वतः फार मोठं क्रिकेट खेळलेलं नव्हतं. स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी शारदाश्रम शाळा आणि कामत मेमोरियल क्लबची मुलं घडवली. सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेलं, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून त्याला विकेट टिकवायला शिकवलं. बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर हे सारे त्यांचेच. म्हणूनच ट्रॉम्बे असो की बोरिवली, उपनगरातल्या कोणत्याही नेट्सवर, प्रतिस्पर्धी क्लबांतही, हे नाव आदरानंच घेतलं जातं.

द्रोणाचार्य आणि पद्मश्री लाभलेल्या या गुरूला शासकीय इतमामात निरोप मिळाला नाही, ही खंत खरीच. शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीला, सचिनच्या हस्ते खुलं झालं.