लाल रंगाखालची पांढरी मोटार
एल्विस प्रेस्लीच्या 'बीएमडब्ल्यू ५०७'चे पुनरुज्जीवन

'रॉक अँड रोल'चा अनभिषिक्त सम्राट एल्विस प्रेस्ली १९५८मध्ये लष्करी सेवेसाठी पश्चिम जर्मनीत दाखल झाला. तेथील मुक्कामात त्याने एक पांढरीशुभ्र स्पोर्ट्स कार घेतली. तिचे नाव 'बीएमडब्ल्यू ५०७'. काही वर्षांतच ही मोटार दृष्टिआड झाली आणि पुढे जवळपास अर्धशतक तिचा ठावठिकाणा मोटारप्रेमींना कोडे घालत राहिला.

मुळात 'बीएमडब्ल्यू ५०७'चे भाग्यच विचित्र. श्रीमंत अमेरिकी ग्राहकांसाठी एखादी देखणी, उघड्या टपाची मोटार हवी, असा आग्रह न्यूयॉर्कमधील आयातदार मॅक्स हॉफमन यांनी धरला. अल्ब्रेश्ट फॉन गोएर्ट्झ यांनी तिचे रेखाटन केले आणि १९५५मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाली. अॅल्युमिनियमची कमनीय काया, ३.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि १५० अश्वशक्ती असा तिचा थाट होता. मात्र, हातांनी घडवलेल्या या मोटारीचा खर्च आवाक्याबाहेर गेला. सुमारे पाच हजार डॉलरना विकण्याचा बेत असताना किंमत जवळजवळ दुपटीवर पोहोचली. १९५९पर्यंत जेमतेम अडीचशे मोटारी तयार झाल्या. तोट्यात रुतलेली कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये प्रतिस्पर्धी डायम्लर-बेंझच्या हाती जाता जाता वाचली.

एल्विसकडे येण्यापूर्वी त्याची ५०७ नामवंत शर्यतवीर हान्स श्टुक यांनी घाटातील शर्यतींत पळवली होती. एल्विसच्या चाहत्या तरुणी या पांढऱ्या मोटारीवर लिपस्टिकने प्रेमसंदेश लिहून जात, त्याला कंटाळून त्याने ती लाल रंगवून घेतली, असे सांगितले जाते. या रंगबदलामुळेच पुढे त्याच्याकडे दोन ५०७ होत्या की एकच, असा घोळ निर्माण झाला.

१९६०मध्ये एल्विस मायदेशी परतला. त्यानंतर ही मोटार अमेरिकेत अलाबामातील एका रेडिओ निवेदकाकडे गेली. त्याने मूळ इंजिन काढून शेव्हर्लेचे इंजिन बसवले आणि ती शर्यतींत उतरवली. १९६८मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने ती विकत घेतली. पुढे कित्येक वर्षे ती भोपळे साठवण्याच्या कोठारात पडून राहिली. अखेर ७००७९ या चासिस क्रमांकाने कोडे सुटले. श्टुक यांची पांढरी आणि एल्विसची लाल मोटार एकच होती.

२०१४मध्ये ही मोटार म्युनिचला परतली. तेथील बीएमडब्ल्यू संग्रहालयात ती आहे त्या जीर्ण अवस्थेतच आधी प्रेक्षकांसमोर मांडण्यात आली. त्यानंतर सुमारे दोन वर्षे कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्यावर काम केले. मोटारीत ना इंजिन होते, ना गिअरबॉक्स. तेव्हा जुन्या सुट्या भागांतून इंजिन नव्याने जुळवण्यात आले. तळाचा गंजलेला पत्रा बदलला गेला. मिळणे अशक्य झालेल्या दरवाजाच्या मुठी आणि काचा खाली-वर करण्याचे दांडे त्रिमितीय छपाईच्या आधारे पुन्हा घडवण्यात आले.

खरा पेच मात्र रंगाचा होता. मोटार कारखान्यातून पांढरी बाहेर पडली, हे जितके खरे, तितकीच तिच्या लाल रंगामागची कथाही तिच्या इतिहासाचा भाग. पुनरुज्जीवन करताना एक इतिहास जपायचा, तर दुसरा पुसावा लागतो. येथे पांढऱ्याला कौल मिळाला. एल्विसने घेतली तेव्हा जशी होती, तशीच ही मोटार ऑगस्ट २०१६मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रदर्शनात झळकली.

जिच्यापायी कंपनीला तोटा सोसावा लागला, त्या ५०७ला आज संग्राहक मागेल ती किंमत मोजतात. शर्यतवीर जॉन सर्टीज यांची ५०७ ही मोटार २०१८मध्ये लिलावात ३८ लाख पौंडांना विकली गेली. एल्विसच्या मोटारीचे मोल मात्र केवळ पैशांत नाही. लाल रंगाचा तो थर आता उरलेला नाही. त्याची आठवण छायाचित्रांनी आणि लिपस्टिकच्या आख्यायिकेने जपली आहे.