पायाची शीर आणि हृदयाचा दाब

१/ साल १९६७. अर्जेंटिनाच्या खेड्यात बारा वर्षे वैद्यकी केलेले रेने फावालोरो अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रुग्णाच्या पायातील शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या धमनीसाठी वापरतात. 'बायपास' जगभर पोहोचण्यास येथून वेग आला.

२/ पायाची शीर लांब असते, सहज मिळते आणि काढल्याने पाय निकामी होत नाही. मात्र शिरेतील रक्त मंद दाबाने वाहते. धमनीच्या जागी बसवताच हृदयाचा प्रत्येक ठोका तिच्या पातळ भिंतीवर आदळू लागतो.

३/ काही मोजक्या रुग्णांत ही भिंत हळूहळू सैल होऊन फुग्यासारखी फुगते. यालाच अॅन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दहाहून अधिक वर्षांनी आढळतो. कित्येकदा तक्रार काहीच नसते, छातीच्या एक्स-रेत केवळ एक अनोळखी सावली दिसते. फुटल्यास मात्र प्राणावर बेतते.

४/ रुग्ण इतकी वर्षे जगले, म्हणूनच हा दोष उघड झाला. शस्त्रक्रियेच्या यशानेच तिची मर्यादा दाखवली.

५/ दुसरा मार्ग आधीच सापडला होता. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी छातीतील धमनीच हृदयाच्या धमनीला जोडली होती. तिला धमनीचा दाब जन्मापासून परिचित! पण तेव्हा जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

६/ १९८६ साली क्लीव्हलंडच्याच अभ्यासाने छातीच्या धमनीचे दीर्घकालीन श्रेष्ठत्व दाखवले. आज हृदयाच्या प्रमुख शाखेसाठी तिलाच पहिली पसंती असते. उरलेल्या शाखांचा भार अजूनही बहुधा पायाची शीरच वाहते.