खरड छाटणी शिकायला परत यावं लागतं

मुरगूडच्या आसपास ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, वेदगंगेचं पाणी आहे. द्राक्षबाग नाही. तरी इथल्या मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालेल्या मुलीने ‘वाईन शिकायला परदेशी जाते’ म्हटलं, तर घरचे आधी ‘दारू?’ म्हणून दचकतील आणि मग फीचा आकडा विचारतील. त्याहून अवघड प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथं शिकलेलं इथं चालतं का?

वाईनची विद्यापीठं ऐषआरामातून उभी राहिली नाहीत. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या, मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा वाळवल्या. कीड पसरत गेली तशी शास्त्राची गरज वाढली. 1880 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विद्यापीठाला द्राक्षांवर संशोधन करायला सांगितलं; आजचा डेव्हिसचा विभाग त्यातूनच आला. त्याच वर्षी बोर्दोत वाईनचं संशोधन केंद्र निघालं. ऑस्ट्रेलियात रोझवर्दी कृषी महाविद्यालय 1883 चं. तिथं वाईनची पदविका 1936 साली सुरू झाली आणि 1991 मध्ये ते अ‍ॅडलेड विद्यापीठात विलीन झालं.

किडीवर उपाय निघाला तो कलमाचा: खाली अमेरिकन रानवेलीचं मूळ, वर फ्रेंच वेल. टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला असाच एक खुंट आज नाशिक-सांगलीच्या बागांखाली आहे. शेतकरी त्याला ‘डॉगरीज’ म्हणतो. आपण तो घेतला तो मात्र किडीपेक्षा खारं पाणी आणि दुष्काळ यांसाठी.

महाराष्ट्राने आधी विद्यार्थी पाठवले नाहीत, जाणकार बोलावले. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला फ्रेंच मदतीने फेसाळ वाईन केली. ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशातही विकली गेली. ‘सुला’चे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले खरे, पण इंजिनिअरिंग. वाईनसाठी त्यांनी कॅलिफोर्नियातून केरी डॅमस्की यांना आणलं आणि 2000 साली पहिली बाटली बाजारात आली. वाईनच शिकून येणारी पिढी त्यानंतरची. नाशिकच्या यॉर्क वायनरीचे कैलास गुरनानी अ‍ॅडलेडला शिकले, ग्रोव्हर घराण्यातल्या करिश्मा ग्रोव्हर डेव्हिसला.

आणि इथं आल्यावर पहिला धडा वेलच देते. युरोपात ती हिवाळ्यात झोपते, छाटणी एकदाच होते आणि फळ उतरत्या उन्हात पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट. फळ पिकतं ते चढत्या उन्हात. तोडणीला चार दिवस उशीर झाला तरी साखर वाढते, आंबटपणा उतरतो. हे सगळं तासगावचा अडाणी म्हणवणारा बागायतदार झोपेतही सांगेल. परदेशी पदवीधराला त्याच्याच बांधावर बसून ते शिकावं लागतं, आणि मला यात कमीपणा दिसत नाही.

मग तिकडे जाऊन मिळतं काय? यीस्ट, तापमान, स्वच्छता, चव ओळखण्याची शिस्त, आणि हंगाम. नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्च, फ्रान्स-कॅलिफोर्नियाची ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्यामुळे एका वर्षात दोन्हीकडे काम होऊ शकतं. ऑस्ट्रेलियाचा हंगाम मात्र आपल्या हंगामावरच येतो. अ‍ॅडलेडला जाणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरलेलं बरं.

सरकारने 2001 साली वाईनचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क केले. पलूस म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. पण 2008-09 च्या मंदीनंतर राज्यातल्या अनेक वायनरी बंद पडल्या. कर्ज काढून परदेशी जाणाऱ्याने ही बाजूही बघावी. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानात एमएस्सी करता येतं. उसाच्या संस्थेत वाईन, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मळीची साखर असो की द्राक्षाची, तिचं अल्कोहोल करणारं यीस्ट एकाच जातीचं असतं. मुरगूडच्या मुलीला ते आधीच ओळखीचं आहे.