घोडा फक्त कागदावर

मंडळी, गेल्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी वसईच्या किल्ल्यात जाऊन आलो. बोरिवलीहून विरार लोकल, वसई रोडला उतरून रिक्षा. शाळेत आपण हे प्रकरण एका ओळीत उरकतो: 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पूर्ण गुण! पण तिथल्या त्या पडक्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर मला भलताच प्रश्न पडला. समोर होतं तरी कोण?

पोर्तुगाल म्हणजे त्या काळी जेमतेम 20 लाख वस्तीचा देश. त्यातूनच ब्राझील, आफ्रिका, गोवा, मकाव सगळीकडे माणसं पुरवायची. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि साष्टी मिळाली खरी, पण राखायला सैन्य आणायचं कुठून? मग त्यांनी चक्क आउटसोर्सिंग केलं. पोर्तुगीज सरदारांना गावं करारावर द्यायची. बदल्यात वर्षाचा ठरलेला सारा, आणि वेळ आली की लढायला घोडा व बंदूकवाले घेऊन हजर व्हायचं. म्हणजे जिथे आज आपण टू बीएचकेचे हप्ते फेडतोय ती गावं तेव्हा एकेका घोड्याच्या बोलीवर दिलेली होती :-)

डिझाइन झकास. फक्त मेंटेनन्स कोणी केला नाही. एक-दोन पिढ्यांत सरदार पक्के जमीनदार झाले, घोडा उरला कागदावर. त्यात धर्माच्या नावाखाली जो जाच चालला त्याने रयतही दुरावली. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे गेले ते उगाच नाही. 1737 च्या मार्चमध्ये मराठे ठाण्यात शिरले तेव्हा तिथल्या किल्ल्याचं बांधकामसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. (तोच आजचा ठाण्याचा तुरुंग.) बघता बघता जवळजवळ सगळी साष्टी गेली.

वसई मात्र सोपी नव्हती, आणि इथे त्या फौजेला मानलं पाहिजे. 1739 च्या सुरुवातीला वेसावेही पडलं. गोव्याहून कुमक यावी, तर तिथे व्यंकटराव घोरपड्यांनी मडगावपर्यंत धडक मारलेली. उरले मुंबईचे इंग्रज. ही मुंबई पोर्तुगीजांनीच त्यांना आंदणात दिलेली! त्यांनी 15,000 रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन. शेजारधर्म, दुसरं काय.

तरी वसईवाले मे महिन्यापर्यंत लढले. सेनापती सिल्व्हेरा मारला गेला, त्याच्या जागी काएतानो द सौझा परेरा उभा राहिला. मराठ्यांची माणसं हजारोंनी पडली. शेवटी सुरुंगांनी बुरूज उडाले तेव्हा, 16 मे 1739 ला, परेराने तह केला. अप्पांनीही अटी दिलदारपणे दिल्या: सैनिकांनी हत्यारांसकट, ताशे वाजवत बाहेर पडावं, मागे राहतील त्या ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म पाळावा.

ताशे वाजवत निघालेले कधीच गेले. मागे राहिलेल्यांचे वंशज मात्र अजून वसईत आहेत, आणि इकडे आमच्या आयसी कॉलनीच्या आसपासही. घरात मराठीच बोलतात, त्यांची आपली. परतीच्या लोकलमध्ये अशाच एका आजींनी सरकून मला चौथी सीट दिली.