‘णे’च्या आधाराने आलेले इंग्रजी

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावांत इंग्रजी व्याकरण मराठीतूनच पोचले. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेने वाक्य उलटवून इंग्रजी शिकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या रुजवली. 2000पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी ही सवय टिकली. ‘जेरंड’ (क्रियापदाला ‘-इंग’ लावून केलेले नाम) चुकण्याचे खापर याच रीतीवर फोडतात. मला ते अर्धेच पटते.

‘वाचणे’ हे मराठीतही क्रियापदापासून झालेले नाम आहे आणि विभक्ती घेते: वाचण्यात, वाचण्याने. इंग्रजीत शब्दयोगी अव्ययानंतर ‘रीडिंग’ येते ते याच न्यायाने. म्हणजे ‘इन रीडिंग’, ‘बाय रीडिंग’ मराठी मुलाला सोपे जावे. तरीही ‘लुक फॉरवर्ड टू’पुढे ‘मीटिंग’ऐवजी ‘मीट’ लिहिले जाते, कारण तिथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे हे कुणी सांगत नाही.

आक्षेप असा, की ‘पोहायला आवडते’ हे एकच रूप मुलाला फसवते. खरे आहे, पण ‘लाइक’ला ‘स्विमिंग’ आणि ‘टू स्विम’ दोन्ही चालतात, ‘एन्जॉय’ला फक्त ‘स्विमिंग’, ‘वॉन्ट’ला फक्त ‘टू स्विम’. हा भेद इंग्रजी क्रियापदांचाच लहरीपणा आहे, तो एकेका क्रियापदासोबत पाठच करावा लागतो.