सिनेमातले मध्ययुग आणि गाथेत नसलेला अभंग

ठाणे खाडीच्या काठावरील घणसोली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. सिडकोच्या शहराने त्याला वेढले, तरी हरिपाठाची आणि सप्ताहाची परंपरा गावाने जपली. काही वर्षांपूर्वी तेथील एका सप्ताहात भजनी मंडळींनी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचे एक पद तुकोबांचा अभंग म्हणून तल्लीनतेने गायिले. शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीने हळूच विचारले, "सर, हा गाथेत कितव्या क्रमांकाचा?"

तो गाथेत नाहीच. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ते पद रचले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. विष्णुपंत पागनीसांच्या मुखातून ते असे उमटले, की महाराष्ट्राने त्यावर तुकोबांचीच मुद्रा उमटवून टाकली. यातील गंमत अशी, की याच चित्रपटातील सालोमालो तुकोबांची कविता आपल्या नावावर खपवू पाहतो. सालोमालोचा उल्लेख खुद्द गाथेतही येतो. एका कवीचे शब्द चोरणारा खलनायक पडद्यावर रंगला आणि त्याच पडद्याने दुसऱ्या कवीचे शब्द नकळत तुकोबांच्या पदरात टाकले!

मध्ययुगावरील चित्रपट कोणते पाहावेत, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी प्रथम हाच सुचवितो. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यातील पुष्पक विमानापेक्षा मला मोलाची वाटते ती गौरी यांनी साकारलेली जिजाई. आजारी मुलासाठी थेट देवालाच जाब विचारायला निघालेली ही बाई सतराव्या शतकातील कुणब्याच्या घरातली वाटते. राजे आणि आचार्य यांच्या चरित्रांत न सापडणारे मध्ययुग तिच्या संसारात सापडते.

मात्र १६३०-३२चा भीषण दुष्काळ, त्यात अन्नावाचून गेलेली पहिली पत्नी, बुडालेला व्यापार हे सारे येथे कथेबाहेर राहते. म्हणून त्याच्या जोडीला चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'तुकाराम' (२०१२) पाहावा. तेथे जितेंद्र जोशी यांचा तुकोबा संत होण्यापूर्वी माणूस म्हणून घडताना दिसतो. तिसरा चित्रपट भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२). त्यात चंद्रकांत मांडरे शिवराय, तर पृथ्वीराज कपूर मिर्झाराजे जयसिंग आहेत. स्वातंत्र्याला पाच वर्षे होत असताना महाराष्ट्र आपल्या भूतकाळात काय शोधत होता, हेही त्यातून वाचता येते.

याचाच अर्थ असा, की ऐतिहासिक चित्रपट दोन काळांचे दस्तऐवज असतात: ज्या काळाची कथा ते सांगतात त्याचे आणि ज्या काळात ते घडतात त्याचे. पहिल्या अर्थाने त्यांना पुरावा मानणे धोक्याचे आहे. दुसऱ्या अर्थाने त्यांच्याइतका बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

त्या संध्याकाळी मी भजनी मंडळींची चूक दुरुस्त केली नाही. विद्यार्थिनीला मात्र आठवल्यांचे नाव सांगितले. भक्तीला कवीचे नाव लागत नसेल, वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते लागते. आपली रचना तुकोबांची मानली जावी, याहून मोठा सन्मान कवीला कोणता? पण त्या सन्मानात कवी स्वतः नाहीसा होतो. म्हणून हे चित्रपट जरूर पाहावेत. फक्त पाहताना गाथा शेजारी उघडी असावी.